मुंबई-नागपूर विमानाला दीड तास कशाला लागतो?

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण ६८० किमी, म्हणजे ताशी ८०० च्या स्पीडने तासाभरात पोचायला हवं ना, पण तिकिटावर बघा, दीड तास! कारण हा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा धरतात, आणि मुंबईत दोन रनवे असले तरी ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात, मग काय, विमानं एकामागे एक रांगेत उभी. येताना तर खाली तीच खाडी दोनदा दिसते, घिरट्या चालू (तेवढ्यात शेजारच्या काकांनी बॅग काढायला हात वर केलेला असतो). हिवाळ्यात पश्चिमेचा वारा, त्यामुळे जाताना जरा लवकर, येताना उशीर. समृद्धीने ७०१ किमी, आठेक तास. वर्ध्याला जायचं असेल तर मी तरी गाडीच काढेन.