लेकीच्या दंडावरचा चट्टा आणि लसीतला रुबेला : माझा अनुभव

आमच्या लेकीला अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया आहे, थोडक्यात एटी. एटीएम नावाचं जीन माझ्याकडून आणि नवऱ्याकडून, दोन्हीकडून बिघडलेलं आलं, त्यामुळे चालताना तोल जातो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा दिसतात आणि इम्युनिटी कमी. आम्ही न्यू जर्सीत असतो. हे लिहितेय ते तिच्या कातडीवरच्या चट्ट्यांबद्दल, कारण त्यांचं खरं कारण कळेपर्यंत आम्ही फार भटकलो आणि मराठीत मला यावर काही म्हणजे काही सापडलं नाही.

पहिला चट्टा दंडाच्या मागच्या बाजूला आला. लालसर तपकिरी, हाताला टणक, कडा उचललेल्या आणि मधली कातडी इतकी पातळ की फ्रॉकची बाही घासली तरी रक्त यायचं. ताप नाही, खाज नाही. आधी एक्झिमा म्हणून स्टिरॉइडचं मलम झालं, मग अँटिबायोटिक, मग बुरशीचं औषध, तोवर पोटरीवर दुसरा उठला. रात्री चिकटलेली पट्टी सलाइनने भिजवून भिजवून सोडवायची, तरी पोर कळवळायची, ते बघणं नको वाटायचं.

बायोप्सीत (कातडीचा तुकडा काढून तपासला त्यात) ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींची गाठ, निघाला आणि आम्ही मूळचे भारतातले म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात पहिला टीबी. क्वांटिफेरॉन नावाची टीबीची रक्ततपासणी केली तर ‘इनडिटरमिनेट’, कारण त्या टेस्टला टी-सेल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) धड लागतात आणि हिच्याकडे त्यांचीच वानवा. टीबीचा स्टेन, बुरशीचा स्टेन (रंग लावून जंतू शोधणं), कल्चर (जंतू वाढवून बघणं), सगळं निगेटिव्ह. एटीमध्ये रेडिएशन होता होईल तो टाळतात, म्हणून सीटीऐवजी एमआरआय. शेवटी रिपोर्टवर लिहून आलं की ग्रॅन्युलोमा आहे पण इन्फेक्शन नाही, आणि तिथे गाडी अडली.

मग ज्या इम्युनॉलॉजिस्टबाई भेटल्या त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, कधी दिली होती? मी चक्रावलेच. त्यांनी नीट समजावलं, की 2014 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अशाच ग्रॅन्युलोमात रुबेलाच्या (जर्मन गोवराच्या) लसीचा व्हायरस सापडल्याचं लिहिलं आणि पुढे अटलांटाच्या सीडीसीच्या (अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या) लॅबला बऱ्याच इम्युनोडेफिशियन्सीच्या (कमी इम्युनिटीच्या) पेशंट्समध्ये तोच मिळाला. आमच्या बायोप्सीचा जपून ठेवलेला ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) अटलांटाला गेला. उत्तर आलं : रुबेला पॉझिटिव्ह, आणि त्याचा जनुकीय सीक्वेन्स लसीतल्या आरए 27/3 स्ट्रेनपासूनच (व्हायरसच्या वाणापासूनच) निघालेला.

म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला दिलेल्या लसीतला जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस, जो धडधाकट मुलाच्या टी-सेल थोड्या दिवसांत साफ करतात, तो हिच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींत वर्षानुवर्षं दडून राहिला, हळूहळू बदलत गेला. एटी लक्षात येतो तो मूल चालायला लागल्यावर, त्यामुळे लस देताना कुणाला कळणं शक्यच नव्हतं. माझा कुणावर राग नाही.

नाव कळलं म्हणून औषध मिळालं असं मात्र नाही. यावर खात्रीचं अँटिव्हायरल नाही. आयव्हीआयजीत (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडींच्या औषधात) रुबेलाच्या अँटिबॉडी असतात तरी चट्टे तसेच राहतात, कारण पेशीच्या आत बसलेल्याला काढायला टी-सेलच हव्यात. इतर काही इम्युनोडेफिशियन्सीत बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर हे ग्रॅन्युलोमा बरे झालेत, पण एटीच्या मुलांना त्याआधीची केमो झेपत नाही, म्हणून आमचे डॉक्टर सहजासहजी तयार नाहीत. आम्हीही नाही.

निदानाचा खरा उपयोग दुसरीकडे झाला. अशा पेशंट्सच्या कातडीतून काही वेळा जिवंत व्हायरस मिळालाय, आणि माझी नणंद तेव्हा नुकतीच प्रेग्नंट, दर वीकेंडला आमच्याकडे. पोटातल्या बाळाला रुबेलाचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी तिला फोन केला, रुबेला आयजीजी (अँटिबॉडीची रक्ततपासणी) करून घ्यायला लावली. ती इम्यून निघाली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आता जखमा झाकलेल्या असतात, शाळेच्या नर्सकडे डॉक्टरांचं पत्र आहे, लेकीला कुठलीच जिवंत लस देत नाही. धाकट्याची एटीची टेस्ट नॉर्मल आली आणि त्याला एमएमआर वेळेवर दिली.

पुण्याहून बहिणीचा घाबरून फोन आला, बाळाला नऊ महिन्यांची एमआर (गोवर-रुबेलाची लस) देऊ की नको? तिथेही स्ट्रेन हाच आहे. मी म्हटलं, अगं दे, बिनधास्त दे. 1964-65 च्या साथीत इथे अमेरिकेत जवळजवळ 20,000 बाळं जन्मतःच रुबेलाचे परिणाम घेऊन आली, कुणी बहिरं, कुणी मोतीबिंदू घेऊन, कुणाच्या हृदयात दोष. आणि माझ्या लेकीला गोवरापासून वाचवणारी भिंत म्हणजे तिच्या आजूबाजूची लस घेतलेली मुलंच आहेत. फक्त घरात आधी कुणाला इम्युनोडेफिशियन्सी असेल, किंवा एखादं मूल लहानपणीच वारंवार इन्फेक्शन होऊन दगावलं असेल, तर जिवंत लसीच्या आधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

आणि ज्यांच्या मुलाला इम्युनोडेफिशियन्सी आहे आणि असा चट्टा महिनोन्‌महिने भरत नाहीये, त्यांनी बायोप्सीचा ब्लॉक टाकून देऊ नका असं लॅबला सांगा, आणि डॉक्टरांना सरळ विचारा, यात रुबेलाची पीसीआर (व्हायरसचे जनुकीय अंश शोधणारी तपासणी) करता येईल का. कल्चर निगेटिव्ह आलं असलं तरी विचारा.