पुराच्या गावात कॅसेटी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हल्ली मी हसून विषय बदलतो. 'सगळं फोनवर मिळतं, त्यात तुमचं चिपळूण. एकदा अख्खं कपाट बुडालं, तरी पुन्हा कॅसेटी, सीड्या, तबकड्या जमवताय?' लग्नात जेवायला बसलो तरी हाच प्रश्न. प्रश्नाचं काही नाही, पण विचारणाऱ्याच्या तोंडावरची कीव झोंबते.

मला जुन्याचा हट्ट नाही. सकाळी फिरताना माझ्याही कानात फोनच असतो. त्याची वर्गणीही वेळच्या वेळी भरतो.

२२ जुलै २०२१ ला गावात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे जो तो २००५ च्या पुराची खूण धरून घर लावत होता. माझ्या कपाटाचा सगळ्यांत खालचा कप्पा त्या खुणेच्या वीतभर वर होता, आणि त्याचा मला केवढा अभिमान! या वेळी पाण्यानं ती खूण केव्हाच मागे टाकली. ओसरल्यावर पाहिलं तर दार फुगून बसलेलं, पहार लावून उघडावं लागलं. आत लोण्यासारखा गाळ, आणि त्याला डिझेलचा वास.

तबकड्यांचं त्यातल्या त्यात सोपं होतं, कारण विनाइलला पाणी काही करत नाही. कव्हरांचा लगदा झाला होता, मधली लेबलं सुटली होती. कुठली कुणाची ते ओळखायला शेवटच्या खाचेपुढच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला नंबर उजेडात तिरका धरून वाचत बसलो. सीड्या मधून कडेकडे पुसल्या. गोल पुसायच्या नसतात, गोल ओरखडा पडला की गाण्याचा अख्खा तुकडाच जातो. रडवलं ते कॅसेटींनी. काहींना स्क्रू होते, काही चिकटवलेल्या, त्या सुरीनं फोडाव्या लागल्या. आतला टेप दाबून धरणारा कापसासारखा चौकोन गळून पडलेला, त्याची तांब्याची पट्टी हिरवी पडलेली. टेपचं भेंडोळं तसंच उचलून स्वच्छ पाण्यात हलवायचं, सावलीत वाळवायचं, मग दुसऱ्या कॅसेटच्या चांगल्या कवचात बसवायचं. वरच्या मजल्यावर सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटींचं एक खोकं कोरडं राहिलं होतं. दहा घरांत सापडतील अशी गाणी. त्यांच्या टेपा फेकल्या आणि कवचं घेतली. कुणाला जगवायचं हे मीच ठरवत होतो, आणि ते मला फार जड गेलं असंही नाही.

बायको म्हणाली, "अहो, आधी भांडी घासायची का?" समोर रस्त्यावर लोकांच्या गाद्या आणि फ्रिज पडलेले, आणि मी पडवीत टेप वाळवत बसलेला. मदतीचं पिण्याचं पाणी मी टेप धुवायला वापरलं, असं अजून बोललं जातं. दोन बाटल्या वापरल्या. नळाला पाणी नव्हतं, विहिरीत गाळ होता. त्याचं समर्थन करता येत नाही हे मला कळतं, तरी करतो.

एवढं करून बहुतेक कॅसेटी गेल्याच. त्याच आठवड्यात मुलानं फोनवर तोच गायक, तोच राग लावून दिला. "बाबा, आहे ना?" होता. मैफल दुसरी होती, पण गाणं उत्तम. तेव्हा मीच चारचौघांत म्हणालो, पुरे झालं, आता कपाट नको. त्या माणसाशी माझं अजून भांडण चालू आहे. त्याचं म्हणणं खोडून काढता आलेलं नाही.

मग पुन्हा का सुरू केलं? 'कट्यार काळजात घुसली' शोधलं की फोन आधी २०१५ च्या सिनेमाची गाणी दाखवतो. मला १९६७ च्या नाटकातले वसंतराव हवे असतात. तेही सापडतात, पण तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, याचा पत्ता नाही. कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात का होईना, नाव असायचं. फोनवरच्या यादीतलं एखादं गाणं एके दिवशी राखाडी पडतं, दाबलं तरी वाजत नाही. कारण कुणी सांगत नाही.

आणि भांडण प्लास्टिक विरुद्ध फोन असं नाहीच मुळी. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान उघडलं आणि २०१३ मध्ये बंद केलं. पण तिथं एमपीथ्री विकत मिळायची. ज्यांनी उतरवून जपली त्यांच्याकडे ती आजही वाजतील, कुणाला विचारावं लागणार नाही. मला हवंय ते एवढंच. उलट, जवळ असलं म्हणजे टिकलं असंही नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मी, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मी, जळाल्या. तिथं तर सांभाळायला सरकार होतं.

आमच्या वाचनालयाची पुस्तकं २००५ ला भिजली, २०२१ ला पुन्हा भिजली. त्यांना कुणी विचारत नाही, पुस्तकं कशाला घेता म्हणून. मलाच का विचारता?

सध्या कपाट वरच्या मजल्यावर आहे. वर पत्रा, एप्रिल-मेमध्ये तापतो, आणि टेपला उष्णताही वाईटच. बायको म्हणते खाली आण. अजून ठरत नाही.