माझा नंबर, पितांबरी आणि पुढचं पुस्तक

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात, हे सहा वर्षं फ्रँकफुर्टमध्ये राहून मला पाठ आहे. मोबाईल आपोआप बदलतो, ओव्हनचं घड्याळ मार्चपर्यंत तसंच चुकीचं राहतं, सगळं माहितीये. तरी ह्या वर्षी माती खाल्लीच. आमच्या वाचन ग्रुपची मीटिंग महिन्याच्या शेवटच्या रविवारी, भारतात सकाळी साडेनऊला. म्हणजे माझ्याकडे उन्हाळ्यात सहा आणि हिवाळ्यात पहाटेचे पाच. मी आपला नेहमीचा पावणेसहाचा अलार्म लावून झोपले, चहाचा कप घेऊन ऐटीत लॉगिन केलं, तर सगळे "चला मग, भेटू" म्हणून हात हलवायच्या बेतात. लातूरचे सर हसत म्हणाले, "ताई, पुढचा नंबर तुमचा लावलाय. गैरहजर माणसाला हरकत घेता येत नाही."

साडेनऊच का, तर त्या वेळेला सिअ‍ॅटलला शनिवारची रात्र असते, मेलबर्नला रविवारची दुपार, दोहाला सकाळचे सात, आणि नागपूर-लातूरला पोहे झालेले असतात. दहा जणांची सोय होते आणि अकरावी मी, ब्लँकेट गुंडाळून स्वयंपाकघरात, कॅमेरा बंद. दोन वर्षं भांडून पाहिलं, आता सोडून दिलंय.

तर नंबर. आमच्याकडे पुस्तक ठरवायला आता पोल घेत नाहीत. घ्यायचो. लॉकडाऊनमध्ये ग्रुप सुरू झाला तेव्हा सगळ्यांना लोकशाहीचा फार उमाळा होता, प्रत्येकानं दोन-दोन नावं द्यायची, मग यादी, मग मतदान. झालं काय, की ज्या पुस्तकासाठी कोणीतरी जीव तोडून बोलत असायचं त्याला हटकून कोणाचा तरी विरोध असायचा, "फार जड आहे", "मी वाचलंय", "आत्ता मूड नाही", आणि शेवटी निवडून कोण यायचं, तर ज्याच्याबद्दल कोणाचीच काही तक्रार नाही ते. एकदा असंच एक पुस्तक अकरापैकी चार मतांनी जिंकलं आणि मीटिंगला त्या चारातले तीन आलेच नाहीत. चौथी मी होते आणि मीही अर्धंच वाचलं होतं. पुस्तकाचं नाव सांगत नाही, त्या लेखकाची काही चूक नव्हती.

त्याच्या उलटही केलंय. एका उत्साही महिन्यात आम्ही भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' घेतली, सहाशेच्या आसपास पानं, म्हटलं दोन महिन्यांत करू. पाच महिने लागले आणि शेवटपर्यंत गेले चौघं. पण त्या चौघांचा आपापसात एक वेगळाच बंधुभावाचा जिव्हाळा तयार झालाय, अजून मध्येच त्यातले संदर्भ टाकतात आणि आम्ही बाकीचे गप्प बसतो.

मग नागपूरच्या काकूंनीच हुकूम काढला. "हे मतदान-बितदान बंद. भिशी लावतो तसा नंबर लावायचा. ज्याचा नंबर त्याचं पुस्तक, बाकीच्यांनी कुरकुर करायची ती वाचून झाल्यावर." अटी फक्त एवढ्याच की पुस्तक तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हाती पडण्यासारखं असावं, अडीचशे पानांच्या पुढे जाऊ नये, अगदीच जीव अडकला असेल तर सूट, आणि निवडणाऱ्यानं "छान आहे" ह्याच्या पलीकडे जाऊन हेच का आणि आत्ताच का हे सांगायचं. ही शेवटची अट दिसते तेवढी सोपी नाही हो. पोलमध्ये बटण दाबलं की झालं, इथे दहा जणांसमोर आपली आवड उघडी पडते.

पण फरक मात्र पडला. सरांनी दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' दिलं, 1978चं, आणि पहिल्याच मीटिंगला म्हणाले की मी हे वर्गात शिकवलंय पण वर्गात जे बोलता आलं नाही ते आज बोलणार आहे. दोन तास कोणी हललं नाही. सिअ‍ॅटलच्या पोरानं नंदा खऱ्यांचं 'उद्या' निवडलं. तो सॉफ्टवेअरवाला, त्याच्या रोजच्या कामातल्याच गोष्टी त्याला त्यात भुतासारख्या दिसल्या. ह्या लेखकानं साहित्य अकादमीचा पुरस्कार नाकारला हेही आम्हाला त्यानंच सांगितलं, सरांना माहीत होतं पण सर मुद्दाम गप्प बसले. काकूंनी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घेतलं तेव्हा अडीचशे पानांची अट स्वतःच मोडली, कोणाची टाप होती बोलायची? लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, आम्ही हसून हसून बेजार, आणि मग त्याच हसण्याचा घास घशात अडकतो तेही त्यांनी बरोबर त्या जागी थांबून दाखवलं.

आता माझा नंबर. दोन आठवडे नुसती चिडचिड. खरं तर डोक्यात होतं काहीतरी हलकंफुलकं द्यायचं, दिवाळी अंकांनी आधीच सगळे सुस्तावलेले असतात, डिसेंबरच्या मीटिंगला कोण कशाला जड वाचेल. दोन नावं काढलीसुद्धा. मग पुस्तकं मिळतात का बघायला बसले. हे भारतात राहणाऱ्यांना कळायचं नाही, तुम्हाला आधी पुस्तक आवडतं आणि मग तुम्ही ते आणता, आमचं आधी काय मिळतंय ते बघायचं आणि मग त्यातलं काय आवडून घेता येईल ते ठरवायचं. ई-बुक असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर साडेतीनशेच्या पुस्तकाला कुरिअरवाला दोन हजार मागतो, वर 2021 पासून बाहेरून युरोपात येणाऱ्या छोट्या पार्सललाही टॅक्स लागतो. आणि ग्रुपवर कोणीतरी हमखास टाकतो, "पीडीएफ आहे माझ्याकडे." ह्यावरून आमचं एकदा चांगलं वाजलंय. 'श्यामची आई' असेल तर खुशाल फुकट वाचा, साने गुरुजी 1950ला गेले, कॉपीराइटची साठ वर्षं कधीच उलटली, विकिस्रोतवर आहे. पण कालपरवाच्या लेखकाचं कोणीतरी वाकडंतिकडं स्कॅन केलेलं, मध्येच अंगठा आलेलं पुस्तक वाचायचं आणि मग मराठी पुस्तकं खपत नाहीत म्हणून गळे काढायचे, हे मला जमत नाही. असो. विषय भरकटला.

9 नोव्हेंबरला संध्याकाळी खाली कचरा टाकायला गेले, तर तळमजल्यावरच्या आजी फुटपाथवर गुडघ्याखाली उशी घेऊन बसलेल्या. हातात फडकं, बाजूला एक मेणबत्ती. मला वाटलं पडल्या की काय. पडल्या नव्हत्या, दगड पुसत होत्या.

आमच्या बिल्डिंगच्या दारासमोर फरशीत पितळेच्या दोन चौकोनी पट्ट्या बसवलेल्या आहेत, तळहाताएवढ्या, दहा बाय दहा सेंटिमीटर. जर्मनीत आलात तर खाली बघत चाला, जागोजागी दिसतील. श्टॉल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागायचा दगड. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकारानं नव्वदच्या दशकात हे सुरू केलं, नाझींनी ज्यांना मारलं, हाकललं, त्या माणसाच्या शेवटच्या स्वखुशीच्या घरासमोर एक दगड, त्याच्यावर नाव, जन्मसाल आणि पुढे काय झालं ते. आता युरोपभर एक लाखाच्या वर झालेत. 9 नोव्हेंबर 1938च्या रात्री ज्यूंची दुकानं फोडली, सिनेगॉग जाळली, म्हणून त्या तारखेला लोक हे दगड घासून पुसून तिथे मेणबत्ती लावतात. हे सगळं मला ऐकून माहीत होतं. पण माझ्याच दारातले दगड मी सहा वर्षांत धड वाचले नव्हते, खरं सांगते. पितळ काळं पडलं होतं, मी रोज पिशव्या घेऊन त्यांच्यावरून जात होते.

आजी कसलंसं लिक्विड लावून घासत होत्या आणि काही निघत नव्हतं. मी म्हटलं थांबा. वर गेले आणि सिंकखालून पितांबरीचा पुडा घेऊन आले. देवाच्या निरांजनासाठी आईनं दिलेला. थोडं पाणी, थोडी पावडर, बोटानं चोळायचं. आजी बघतच राहिल्या. दोन मिनिटांत पितळ असं निघालं की मेणबत्ती त्यात दिसायला लागली. आणि अक्षरं. एका दगडावर 1941, पुढे एका गावाचं नाव आणि 'खून' असा सरळ शब्द. दुसऱ्यावर, बाईचं नाव, आणि खाली, फ्लुख्ट 1939, शांघाय. फ्लुख्ट म्हणजे पलायन. तेवढंच.

मी विचारलं, शांघायच का? आजी म्हणाल्या, तेव्हा शांघायला उतरायला व्हिसा लागत नसे, बाकी जगानं दारं लावून घेतली होती. इटलीच्या बंदरातून बोटी सुटायच्या, सुएझमधून पुढे. पुढे कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते मला माहीत होतं. सुएझ, मग मुंबई, मग कोलंबो. मुंबई! मी तिथे फुटपाथवर उकिडवी बसलेली, हाताला पितांबरी, आणि डोक्यात एकदम 'रणांगण'.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विश्राम बेडेकरांची कादंबरी, 1939ची, म्हणजे ज्या वर्षी महायुद्ध पेटलं त्याच वर्षीची. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, तिच्यावर घरी परतणारा चक्रधर विध्वंस, आणि देश सोडून निघालेले जर्मन ज्यू, त्यातली हॅर्टा. बोटीवरचे थोडे दिवस, बस. पुढचं सांगणार नाही. मी कॉलेजात वाचली होती ती प्रेमकथा म्हणून, आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्या ज्यू लोकांची भानगड मला मागच्या पडद्यासारखी वाटली होती. पुण्यात बसून कुठे काय जर्मनी. आता मी जर्मन बोलते, जर्मन टॅक्स भरते, आणि हॅर्टा ज्या गल्लीतून निघाली असेल तशा गल्लीत भाजी आणते.

त्याच रात्री ग्रुपवर टाकलं. मोठा मेसेज, दगडाच्या फोटोसकट, बाईचं नाव झाकून.

दोहाहून पहिला रिप्लाय, "अगं पुन्हा रडकं?" ती गाडी चालवताना ऐकते, वाचत नाही, त्यामुळे तिची पुढची तक्रार ऑडिओ हवा ही. त्यावर ठरलं की आम्ही पाळीपाळीनं व्हॉइस नोटवर वाचायचं, रोज दोघांनी पंधरा-पंधरा मिनिटं. माझा जर्मन उच्चारांचा जिम्मा. सिअ‍ॅटलवाला म्हणाला, एवढंसंच पुस्तक? हे तर एका फ्लाइटमध्ये होईल. मी म्हटलं, बाळा, वाच तर.

सरांचा मेसेज मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी आला, आणि मला वाटतं आत्तापर्यंत ग्रुपवर आलेला तो सगळ्यात चांगला मेसेज आहे. ते म्हणाले, "मी हे एम.ए.ला असताना वाचलं, तेव्हा मला चक्रधर व्हायचं होतं. आता साठीत पुन्हा वाचायचं म्हणजे तेव्हाच्या मला भेटायचं, आणि तो मला आवडेल असं वाटत नाही. म्हणून भीती वाटते. वाचू या."

आणि काकू! काकूंनी नियम केला आणि काकूच मोडतात. म्हणे, बेडेकरांचं वाचताय तर त्यांच्या बायकोचं का नाही? मालती बेडेकर, म्हणजेच विभावरी शिरूरकर, 'कळ्यांचे निःश्वास' 1933चं, नवऱ्याच्या कादंबरीच्या सहा वर्षं आधीचं. टोपणनावामागची ही बाई कोण म्हणून महाराष्ट्रानं केवढा गदारोळ केला होता! मी म्हटलं, काकू, तुमचा नंबर पुढच्या पावसाळ्यात. तर म्हणाल्या, तोवर मी राहते की नाही कोण जाणे. आता ह्याला काय उत्तर आहे? गेली चार वर्षं त्या हेच सांगून नंबर आधी लावून घेतायत आणि रोज सकाळी फुटाळा तलावावर चार किलोमीटर चालतात. तर जानेवारी त्यांचा.

राहिला माझ्या प्रतीचा प्रश्न. ऑफिसातला एक मुलगा नोव्हेंबरअखेर पुण्याहून परत येतोय, त्याच्या बॅगेत किलोभर जागा मागून घेतली. आईला फोन केला, 'रणांगण' आण आणि सोबत पितांबरीचे दोन पुडे दे, कारण तळमजल्यावरच्या आजींनी माझा पुडा जवळजवळ जप्तच केलाय, शेजारच्या दोन रस्त्यांवरचे दगड करायला घेतलेत त्यांनी. रोज जिन्यात भेटल्या की "तुमची ती जादू" म्हणतात.

काल आईचा मेसेज आला. अप्पा बळवंत चौकात तिसऱ्या दुकानात मिळालं पुस्तक, बॅगेत टाकलंय. आणि खाली: "दोन पुडे कशाला गं? तिकडे देव तरी किती आहेत तुझ्याकडे?"