विसर्जनाची रात्र आणि तेलघाण्याचं फाटक

अनंत चतुर्दशीला जिल्ह्यातली जादा कुमक मोठ्या शहरांकडे जाते. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाला उरतात ती ठाण्यातली नेहमीची माणसं आणि आम्ही होमगार्ड. माझी पिठाची गिरणी आहे. बंदोबस्ताचा हुकूम आला की गिरणी बायको बघते आणि मी खाकी चढवून हजेरीला उभा राहतो.

त्या वर्षी माझा पॉईंट बाजारचौकात होता. जोडीला एक पोलीस शिपाई, नुकतेच बदलून आलेले, आणि आमच्याच पथकातली एक ताई. रात्री दहाच्या सुमाराला दोन मंडळं चौकाच्या तोंडाशी समोरासमोर आली. मागून आणखी ट्रॉल्या चढल्या आणि कुणालाच मागे सरकता येईना. ‘आधी आमचा बाप्पा’ एवढ्यावरून दोन्हीकडची पोरं हमरीतुमरीवर आली होती.

तेवढ्यात पुलाच्या बाजूने 108 ची गाडी आली. आत वाडीवरची पहिलटकरीण, सोबत सासू. रक्तस्राव थांबत नव्हता. गाडीतले डॉक्टर खाली उतरून म्हणाले, “आता थांबायला वेळ नाही.” ग्रामीण रुग्णालय चौकाच्या पलीकडेच, पण मध्ये सगळं गाव उभं.

शिपाई वायरलेसवर साहेबांना कळवत होते. मला तेलघाण्याचा बोळ आठवला. मंडईच्या मागचा हा बोळ इतका अरुंद की गाडी शिरत नाही, स्ट्रेचर जेमतेम जातं. शेवटी घाण्याचं अंगण आणि अंगणाचं मागचं फाटक थेट रुग्णालयाच्या रस्त्यावर उघडतं. फाटकाला कायम कुलूप. घाण्याच्या मालकीणबाई समोरच्याच ओट्यावर मिरवणूक बघत बसल्या होत्या. “काकू, फाटकाची किल्ली द्या, बाळंतपणाची बाई अडकलीय.” त्यांनी एक शब्द विचारला नाही. कमरेचा जुडगा काढून हातात दिला आणि स्वतःही निघाल्या.

बोळाच्या तोंडापर्यंत वाट करायची होती. अलीकडच्या मंडळाचा अध्यक्ष माझ्याच आळीतला, लहानपणी आईबरोबर दळण घेऊन यायचा. ट्रॉलीवर चढून त्याला नावाने हाक मारली, “डीजे बंद कर आणि पोरं घेऊन खाली ये.” तो उतरला. एक आवाज थांबल्यावर समोरच्यांनीही थांबवला. मघाशी एकमेकांच्या अंगावर जाणारी पोरं दोन्ही बाजूंनी दोर धरून उभी राहिली. चौघांनी स्ट्रेचर उचललं. आमच्या ताईने एका हाताने सलाईनची बाटली उंच धरली होती, दुसरा हात त्या पोरीच्या हातात. बोळात अंधार, मधोमध गटार, मोबाईलच्या उजेडात पाय टाकत गेलो. फाटकाचं कुलूप गंजलेलं, पण उघडलं. पलीकडे नर्सबाई ट्रॉली घेऊन तयार होत्या. शिपायांनी फोन करून ठेवला होता.

मुलगी झाली. आईला रक्त द्यायला पुढे जिल्ह्याला हलवावं लागलं, पण दोघी सुखरूप घरी आल्या.

कामावर बोलावलं की होमगार्डला पोलिसाचेच अधिकार मिळतात, असं 1947 चा कायदा सांगतो. दल उभं राहिलं तेही मुंबईत, 6 डिसेंबर 1946 ला, दंगलींच्या त्या दिवसांत पोलिसांच्या मदतीला नागरिक हवेत म्हणून. पण त्या चौकात मी कायदा सांगत बसलो असतो तर ट्रॉली हलली नसती. पोलिसांच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात. कुठल्या फाटकाची किल्ली कुणाच्या कमरेला असते, हे इथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून मला वाटतं, आमच्याकडे नुसती दोर धरायला आणलेली माणसं म्हणून बघू नये. आमचं ब्रीद ‘निष्काम सेवा’ आहे आणि ते मला मनापासून पटतं. तरी घर चालवायचं असतंच. 2024 च्या ऑक्टोबरपासून दिवसाचा भत्ता 570 वरून 1083 रुपये झाला, हे फार चांगलं झालं. पण काम बारमाही नाही, आणि चांगली तरबेज पोरं त्यामुळेच सोडून जातात.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आणि ताईला केबिनमध्ये बोलावून गावाचा नकाशा समोर पसरला. बोळ, मागची दारं, कुणाकडे किल्ली, सगळं लिहून घेतलं. आता बंदोबस्ताचा आराखडा करताना गावातल्या होमगार्डना आधी बसवतात, आणि विसर्जनाच्या दिवशी घाण्याचं फाटक संध्याकाळपासून उघडं असतं. तिथे एक माणूस नेमलेला असतो.