व्हेनमचा क्लच आणि पोलिसांची एलई

व्हेलोसेट या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलचा क्लच सरकायला लागला की बहुतेक माणसं आधी केबलला हात घालतात. केबल ढिली केली की सरकणं थांबल्यासारखं वाटतं, पण मग क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना करकर होते. म्हणून पुन्हा आवळायची. एक बाजू सावरली की दुसरी जाते. शेवटी कोणीतरी प्लेटा बदलतं, स्प्रिंगा बदलतं, आणि पहिल्याच चढावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र हलत नाही.

अशीच एक व्हेनम, म्हणजे व्हेलोसेटचीच 500 सीसीच्या वर्गातली गाडी, आमच्याकडे आली. मी बर्मिंगहॅमला जुन्या ब्रिटिश मोटरसायकली दुरुस्त करतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसला, पुढे नशिबाने इथे आणलं. ज्या गावात या गाड्या बनल्या त्याच गावात त्या उघडायला मिळतात याचं मला अजून अप्रूप आहे. ही व्हेनम एका शिक्षकाची. वडील गेल्यावर त्यांच्याकडे आलेली. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोन्हीकडे नव्या प्लेटा पडल्या होत्या, बिलं फायलीत नीट लावलेली. एकाने तर सांगितलं होतं की कंपनीचं डिझाइनच वाईट आहे, विकून मोकळे व्हा. ते ऐकून माझं डोकं तापलं.

डिझाइन वाईट नाही, वेगळं आहे. इतर गाड्यांत क्लच बाहेर असतो आणि मागच्या चाकाला जाणारी चेन त्याच्या आत. व्हेलोसेटमध्ये उलट: क्लच आत, आणि चेनचं स्प्रॉकेट बाहेर. त्यामुळे शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी क्लचला हात न लावता स्प्रॉकेट बदलता येतं. त्या बदल्यात क्लच अरुंद ठेवावा लागला आणि प्लेटा सुटायला मिळणारं अंतर अगदी थोडं. म्हणून तो लावायची रीतही निराळी. स्प्रॉकेटवरचं झाकण काढायचं, स्प्रॉकेटला ठेवलेल्या भोकातून एक छोटा पेग, म्हणजे खुंटी, आत घालायचा, तो स्प्रिंगांच्या कड्यात अडकला की मागचं चाक हाताने किंचित फिरवायचं. चाकाबरोबर कडं फिरतं आणि केबलला हवी तेवढी मोकळीक मिळते. पेग काढा, क्लच दाबून बघा, पुन्हा घाला. प्लेटा झिजल्या की हेच करायचं, केबलशी खेळायचं नाही.

त्या सकाळी मी झाकण काढून बसलो होतो आणि शिक्षकमहाशय शेजारी उभे होते. तेवढ्यात दारात एक माणूस आला. ऐंशीच्या पुढचा, ताठ. मागे त्याची गाडी उभी होती, पण ती आलेली आम्हाला कळलीच नव्हती. राखाडी रंगाची, पायांपुढे पत्र्याचे पडदे असलेली व्हेलोसेट एलई. इंजिन चालू होतं आणि मला जवळ जाऊन हात लावून खात्री करून घ्यावी लागली.

म्हाताऱ्याच्या गाडीच्या पाण्याच्या पाइपातून ठिबकत होतं, एवढंच काम. पण व्हेनम बघून तो थांबला. तो पोलिसात होता आणि साठच्या दशकात अशाच एलईवर गस्त घालत असे. रात्री गल्लीतून गाडी गेली तरी कोणाची झोप मोडत नसे, आणि चोराला तो येतोय याचा पत्ता लागत नसे. वरिष्ठ दिसले तर हँडलवरचा हात काढून सलाम ठोकणं धोक्याचं, म्हणून नुसती मान हलवायची अशी सूट होती, असं तो म्हणाला. इंग्रजीत मान हलवण्याला नॉड म्हणतात, लोक त्या गाडीला नॉडी बाइक म्हणायचे ते यावरूनच, असंही त्याने सांगितलं.

शिक्षकांनी विचारलं, ही दोन्ही एकाच कंपनीची? त्यांचं नवल बरोबर होतं. एकीकडे 499 सीसीचं एका सिलिंडरचं धडधडतं इंजिन, माशाच्या शेपटीसारखा सायलेन्सर. दुसरीकडे पाण्याने थंड होणारं, आडव्या दोन सिलिंडरांचं 192 सीसीचं इंजिन, चेनऐवजी शाफ्ट, पत्रा दाबून केलेली फ्रेम. हाताने काम करत करत मी त्यांना सांगत गेलो. मला या घराण्याबद्दल बोलायला फार आवडतं.

घराणंच म्हणायला हवं, कारण कंपनी शेवटपर्यंत एकाच कुटुंबाकडे राहिली. योहानस गुटगेमान नावाचा जर्मन तरुण इंग्लंडला आला, त्याने 1905 मध्ये ‘व्हेलोचे’ (Veloce) या नावाने मोटरसायकल काढली, व्हेलोसेट हे नाव त्यावरूनच, आणि पहिल्या महायुद्धात 1917 साली आडनाव बदलून गुडमन केलं. मुलगे पर्सी आणि युजीन. पर्सीने 350 सीसीचं ओव्हरहेड कॅम इंजिन काढलं, म्हणजे झडपा उघडणारा कॅम सिलिंडरच्या डोक्यावर बसवलेलं. झडपा वेगात नेमक्या काय करतात हे डोळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी स्ट्रोबोस्कोप, म्हणजे भराभर लुकलुकणारा दिवा, लावून चालत्या इंजिनाचा अभ्यास केला. त्या काळात मोटरसायकलवाल्यांत हे कोण करत होतं? त्याचं फळ 1926 मध्ये मिळालं. आयल ऑफ मॅन बेटावरच्या ज्युनियर टीटी शर्यतीत अ‍ॅलेक बेनेट दुसऱ्याच्या दहा मिनिटांहून जास्त पुढे होता. मग हॅरोल्ड विलिसने पायाने गिअर टाकायची अशी यंत्रणा केली की प्रत्येक दाबाला एकच गिअर पडावा आणि लिव्हर पुन्हा मधल्या जागी यावा. आज आपल्याकडची मुलं कोणत्याही मोटरसायकलवर जे करतात ते हेच. 350 सीसीच्या वर्गात जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा पहिली दोन्ही वर्षं, 1949 आणि 1950, फ्रेडी फ्रिथ आणि बॉब फॉस्टर यांनी व्हेलोसेटवर जिंकली.

आणि बरोबर याच सुमारास, 1948 मध्ये, कंपनीने एलई आणली. शर्यतीवाल्यांसाठी नाही, साध्या माणसासाठी: कपड्यांना तेल लागू नये, आवाज नको, चेनची कटकट नको. साचे आणि प्रेस यांत मोठा पैसा ओतला. एका सिलिंडरच्या मोठ्या गाड्या तर जवळजवळ मोडीत काढायची तयारी होती. 500 सीसीची एमएसएस बंद झाली ती थेट 1954 मध्ये परत आली. माझं स्पष्ट मत आहे की कल्पना चुकली नव्हती. गिऱ्हाईक चुकलं. ज्याच्याकडे पैसे होते त्याला मोटरसायकलचा आवाज हवा होता, ज्याला शांत गाडी हवी होती त्याला ती महाग पडली, आणि थोड्याच वर्षांत स्कूटर आणि मग 1959 ची मिनी मोटार आली. पोलिसखात्यांनी घेतली म्हणून एलई तगली. घातलेला पैसा मात्र तिने कधी मोकळा केला नाही.

म्हातारा हे ऐकून म्हणाला की मला पगार मिळाला तो हिच्यावर बसून, मला ती महाग वाटली नाही. यावर मी काय बोलणार? तो बाकावर बसला आणि मी व्हेनमला किक मारायला घेतली.

व्हेनमची किक ताकदीने मारायची नसते. कार्ब्युरेटरचं टिकलर दाबून पेट्रोल येऊ द्यायचं, किक हळू दाबत कॉम्प्रेशन गाठायचं, झडप उचलायची छोटी लिव्हर दाबून तेवढा टप्पा ओलांडायचा, लिव्हर सोडायची आणि मग पूर्ण पाय खाली जाईपर्यंत एकच लांब किक. ती सुरू झाली तेव्हा शिक्षकांचा चेहरा बदलला. वडील हयात असताना त्यांनी हा आवाज घरातून ऐकला होता, स्वतः काढलेला कधी नव्हता.

मी गाडी घेऊन बर्मिंगहॅमच्याच हॉल ग्रीन भागाकडे गेलो, यॉर्क रोडवरून. 1927 पासून व्हेलोसेटचा कारखाना तिथेच होता. याच व्हेनमच्या जातीच्या गाडीने मार्च 1961 मध्ये पॅरिसजवळच्या माँलेरीच्या ट्रॅकवर चोवीस तास सरासरी ताशी 100.05 मैल ठेवले. कोणत्याही सीसीच्या मोटरसायकलला तोवर हे जमलं नव्हतं. चालवणाऱ्यांत पर्सीचा मुलगा बर्टी गुडमन होता, म्हणजे कंपनीचा मालकच. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1971 मध्ये, त्याच कुटुंबाने कंपनी स्वतःहून बंद केली. चढावर मी मुद्दाम वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडला. क्लच सरकला नाही.

परत आलो तेव्हा म्हाताऱ्याच्या पाइपाची क्लिप बदलून झाली होती आणि शिक्षक त्याच्या गाडीवर वाकून रेडिएटर बघत होते. मी त्यांच्या हातात पेग दिला, मी लावलेला क्लच मुद्दाम बिघडवला आणि त्यांना लावायला सांगितलं. चाक कुठल्या बाजूला फिरवायचं यावर बराच वेळ गेला, म्हातारा मधूनमधून सल्ले देत होता, आणि गिअर बिनआवाज पडेपर्यंत मी काही हातातून घेतलं नाही. प्लेटांचे पैसे लावायचे नव्हतेच. बिलात फक्त मजुरी आणि एक पेग.