चाकोरी

सहावीत असताना आमच्या लालबागच्या चाळीत उत्तर प्रदेशातून एक मुलगा राहायला आला. त्याने मला पहिलाच प्रश्न केला, "कौन सी कक्षा में हो?" त्याच आठवड्यात भूगोलाच्या सरांनी कक्षा शिकवली होती. मी ऐटीत सांगितलं, "पृथ्वी की." तो बिचारा गप्प झाला. कक्षा म्हणजे हिंदीत इयत्ता, हे मला संध्याकाळी कळलं.

सहामाहीत मी परिवलन आणि परिभ्रमण यांची अदलाबदल केली. माझी पृथ्वी स्वतःभोवती फिरायला वर्ष घ्यायची आणि सूर्याला २४ तासांत प्रदक्षिणा घालायची. सरांनी लाल शाईत शेरा मारला, "एवढी घाई कसली?"

पण सर नुसते शेरे मारून थांबणारे नव्हते. पेपर वाटल्यावर आम्हाला पटांगणात नेलं, दोघांना चार पावलांवर उभं केलं, दोघांच्या पायांभोवती सुतळीचं सैलसं वेटोळं टाकलं आणि ते खडूने ताणून धरत जमिनीवर लंबवर्तुळ काढलं. आम्ही दोघे उभे होतो त्या जागा म्हणजे लंबवर्तुळाच्या दोन नाभी. माझा सोबती सूर्य झाला. मी दुसऱ्या नाभीवर. "इथे काय असतं सर?" "काही नसतं. गप उभा राहा." खरी कक्षा इतकी चपटी नाही, जवळजवळ वर्तुळच आहे, हेही त्यांनी बजावलं. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर. म्हणजे ऐन पावसाळ्यात तो सगळ्यात लांब. तसाही जुलैत मुंबईत तो दिसतो कुठे!

जाता जाता सर म्हणाले, "कक्षेला इंग्रजीत ऑर्बिट. हा शब्द मूळचा लॅटिन. अर्थ काय, तर चाकोरी." मे महिन्यात गावी बैलगाडीमागून पळताना ज्या चरात माझा पाय मुरगळला होता, ती चाकोरी! मला ग्रहांपेक्षा तीच पटकन कळली.

नववीत नील्स बोर या शास्त्रज्ञाने मांडलेल्या अणूतही इलेक्ट्रॉनच्या कक्षा भेटल्या. अकरावीत कळलं की इलेक्ट्रॉनला ठरलेली वाटच नसते. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. ती शक्यता जिथे जास्त, त्या भागाला कक्षक म्हणायचं. एका 'क'ने सरांची सुतळी निकालात काढली.

गणिताच्या बाईंचा एक दिवस मात्र सांगायलाच हवा. १९८५चा पावसाळा, हिंदमाताला पाणी, वर्गात आम्ही अकरा जण. बाईंनी पुस्तक मिटलं. "चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. मोठ्यात मोठी मांडणी करा, त्यातून लहानात लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच." मी सालच घेतलं. ९८५१ वजा १५८९, ८२६२. मग ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. पुढे हलेचना. शेजारचाही ६१७४वर अडकलेला! बाई म्हणाल्या, "हे कापरेकरांनी शोधलं. देवळालीला शाळेत मास्तर होते." मास्तर माणूस असलं काही शोधतो, याचंच आम्हाला जास्त अप्रूप.

परवा हे लेकीला सांगितलं. ती गणितात एम.एस्सी. करते. "बाबा, ह्या आकड्यांच्या रांगेला आमच्यात ऑर्बिटच म्हणतात. दोन अंकी घेऊन बघा." घेतलं. ८१, ६३, २७, ४५, ९. ह्या ९ला शून्य नऊ धरून नव्वदातून वजा केलं की परत ८१. थांबायचं नावच नाही. सर असते तर पटांगणात नेलं असतं.

मी सध्या एका रुग्णालयात सीटी स्कॅन काढतो. गेल्या आठवड्यात एक आजी चिठ्ठी घेऊन आल्या. "यावर डॉक्टरांनी ऑर्बिट लिहिलंय. म्हणजे काय रे बाबा?"

"डोळ्याची खोबण, आजी. सात हाडांची असते."

"मग खोबण लिहायला काय झालं होतं?"