मिनिमम बॅलन्सचे कापलेले पैसे परत मिळतात, पण निम्मे घेऊन सही करू नका

बँकेने खात्यातून कापलेले चार्जेस परत मिळतात. सगळेच नाही, पण जे नियम मोडून कापलेत ते नक्की मिळतात, आणि त्याला वकील लागत नाही. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, कामगारांची पासबुकं रोज हाताखालून जातात, आणि ज्याच्या खात्यात आधीच कमी आहेत त्याचेच कापले जातात हे बघून जीव तुटतो. संसदेत सरकारनेच माहिती दिली होती की २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी नुसत्या मिनिमम बॅलन्सच्या दंडातून जवळपास ८,५०० कोटी रुपये गोळा केले. त्यात स्टेट बँकेने तर २०२० मध्येच हा दंड बंद केला होता. २०२५ मध्ये कॅनरा, पीएनबी, बँक ऑफ बडोदा अशांनीही बंद केला, चांगलं झालं, पण खाजगी बँकांत अजून चालूच आहे.

माझ्या भाच्याचं सांगते. पोरगं पुण्यात कंपनीत होतं, कंपनीनेच एका खाजगी बँकेत सॅलरी अकाउंट काढून दिलेलं. नोकरी सुटली, सोलापूरला परत आला, खात्यात तीनेक हजार होते ते तसेच ठेवले. आता सॅलरी अकाउंटमध्ये काही महिने पगार आला नाही की बँक ते साधं सेव्हिंग करून टाकते आणि दहा हजारांची अट लागते, हे पोरांना कुणी सांगतच नाही. मग दर महिन्याला ५९०. म्हणजे ५०० दंड आणि वर १८ टक्के जीएसटी ९०. खातं रिकामं झालं तरी थांबले नाहीत, स्टेटमेंटमध्ये बॅलन्सच्या पुढे चक्क उणे आकडा, आणि तो दर महिन्याला वाढतोय. पुढे भावाने त्याच्या कोर्सच्या फीचे दहा हजार त्याच खात्यात टाकले आणि संध्याकाळपर्यंत मागची सगळी थकबाकी त्यातून वळती झाली. वर्षाचे मिळून ७,०८० गेले. पोरगं माझ्याकडे आलं, "आत्या, फीचेच पैसे कापायलेत की ओ!"

इथे बहुतेक लोक काय करतात, ब्रँचमध्ये जाऊन भांडतात, एवढे कसे कापले, गरिबाला लुटता का वगैरे. राग अगदी खरा आहे पण त्याने काम होत नाही, कारण चार्ज किती लावायचा हे बऱ्याच अंशी बँकेचं संचालक मंडळ ठरवतं आणि रिझर्व्ह बँक त्यात फारशी पडत नाही. चार्ज जास्त आहे म्हणू नका, नियम कुठला मोडला ते लिहा. मिनिमम बॅलन्सच्या दंडासाठी रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक निघालं, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. त्यात स्पष्ट आहे की बॅलन्स कमी झाला की बँकेने आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, भरायला किमान एक महिना द्यायचा, मगच दंड लावायचा. दंड जेवढी तूट त्या प्रमाणात पाहिजे. आणि नुसत्या या दंडापायी सेव्हिंग खातं उण्यात जाता कामा नये. भाच्याच्या स्टेटमेंटवर तो उणे आकडा छापलेलाच होता, म्हणजे पुरावा बँकेनेच दिला.

अजून एक, दोन वर्षांपेक्षा जास्त व्यवहार नसलेल्या बंद पडलेल्या खात्यावर हा दंड लावताच येत नाही. आपल्याकडे सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या कितीतरी बायकांची अशी खाती पडून आहेत, एखाद्या योजनेसाठी काढलेली आणि मग विसरलेली. त्यांची पासबुकं एकदा तपासून बघा.

ब्रिटनमध्ये याच विषयावर मोठी लढाई झाली होती. तिथे २००६-०७ च्या सुमारास हजारो लोकांनी ओव्हरड्राफ्टच्या, म्हणजे खात्यात असलेल्यापेक्षा जास्त पैसे गेले की लागणाऱ्या, चार्जेससाठी बँकांवर छोटे छोटे दावे लावले, आणि बऱ्याच बँका कोर्टात उभं राहण्याआधीच तडजोड करून पैसे द्यायच्या, चूक मात्र कबूल करायच्या नाहीत. मग तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने बँकांविरुद्ध टेस्ट केस, म्हणजे सगळ्यांसाठी मिळून एक नमुना खटला, लढवली आणि २५ नोव्हेंबर २००९ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने बँकांच्या बाजूने निकाल दिला, की हे चार्जेस म्हणजे सेवेच्या किमतीचाच भाग आहेत आणि रक्कम वाजवी आहे का हे तिथल्या अन्यायकारक करार-अटींच्या नियमांखाली तपासता येणार नाही. पुढचे हजारो दावे तिथेच अडकले. म्हणून मी रकमेवर भांडू नका म्हणते.

आम्ही लेखी अर्ज केला, त्यात परिपत्रकाची तारीख, कापलेल्या प्रत्येक नोंदीची तारीख, आणि एकच मागणी, की आधी पाठवलेल्या नोटिशीची प्रत दाखवा. पोच घेतली. नुसतं तोंडी सांगितलेलं कुठे टिकत नाही, आणि कस्टमर केअरला फोन केला तर तक्रार नंबर लिहून घ्यायचा. थोड्या दिवसांनी ब्रँचमधून बोलावणं आलं. साहेब बोलायला गोड, म्हणाले मॅडम, गुडविल म्हणून निम्मे ३,५४० परत करतो, इथे सही करा. कागदावर काय होतं, तर ही रक्कम पूर्ण आणि अंतिम तडजोड म्हणून स्वीकारत आहे, यापुढे कोणताही दावा करणार नाही. भाचा पेन उघडूनच बसलेला! त्याला थांबवलं. साहेबांना म्हटलं, हे निम्मे आत्ता जमा करा, पण बाकीच्या रकमेचा हक्क राखून स्वीकारले असं लिहून सही करतो. ते तयार झाले नाहीत. मग राहू द्या म्हटलं आणि उठून आलो.

मला एवढंच कळतं की ज्याचं सगळं नियमात आहे तो निम्मे परत करायला बोलावत नाही. नोटिशीची प्रत तर त्यांनी शेवटपर्यंत दाखवली नाही.

तीस दिवस झाले, समाधानकारक उत्तर नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलो. १२ नोव्हेंबर २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजना आहे, कुठली बँक कुठल्या लोकपालाकडे हे शोधत बसावं लागत नाही, रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर घरबसल्या तक्रार होते आणि फी एक रुपया नाही. माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. बँकेकडे आधी तक्रार केल्याशिवाय इथे येऊ नका, परत पाठवतात, आणि तोच वाद आधीच कोर्टात असेल तर लोकपाल घेत नाही. आमची तक्रार बँकेकडे उत्तराला गेली आणि लगेच बँकेच्या नोडल ऑफिसचा, म्हणजे लोकपालाकडच्या तक्रारी बघणाऱ्या ऑफिसचा, फोन, पूर्ण ७,०८० देतो, जीएसटीसकट. पैसे खात्यात दिसल्यावरच तडजोडीवर सही केली.

तिथेही जमलं नसतं तर ग्राहक आयोगात जायची तयारी होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, बँकेचं हेड ऑफिस मुंबईत असो नाहीतर कुठेही, केस सोलापूरच्या जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, स्वतः बाजू मांडता येते, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. वेळ मात्र लागतो हे धरून चाला. लोक अदालतीत मिटवायचं असेल तर तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, तेव्हा आकडा पटल्याशिवाय हो म्हणू नका.

सध्या कारखान्यातल्या एका ताईंचं प्रकरण हातात आहे, कर्जाच्या हप्त्याला उशीर झाला म्हणून बँकेने व्याजावर दंडव्याज चढवलंय. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे व्याजदरात मिळवलेलं दंडव्याज चालत नाही, वेगळा दंड लावता येतो पण त्या दंडावर पुन्हा व्याज नाही. स्टेटमेंट मागवलंय, सोमवारी अर्ज देणार, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही असं ताईंना सांगून ठेवलंय.